पोलादवीराला कान नव्हते

साहेब, तुम्ही गाडीतून खाली उतरला नाहीत. काच अर्धी खाली केलीत, मानसुद्धा बाहेर न काढता वाडीच्या तालमीची भिंत बघितलीत आणि शेरा मारलात : 'चित्रातील पैलवानाचा उजवा कान सदोष आहे, दुरुस्त करावा.' आमचा सरळ आरोप आहे की तुम्हाला कानातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही कोण, कुठल्या खात्याचे, हे आम्ही लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्याच्यावरही शेरा माराल. तुमच्या शेऱ्यात दुसरी एक ओळ होती. ती शेवटी सांगू. आधी तो कान कसा झाला ते ऐकून घ्या. ऐकायला गाडीतून उतरावं लागत नाही.

भोरात आनंदराव म्हणून एक गृहस्थ आहेत. एका शाळेत हेडक्लार्क. शाळा त्यांना भाऊसाहेब म्हणते आणि ते स्वतःला चित्रकार म्हणतात. यातलं पहिलं पगारपत्रकावर आहे, दुसरं आनंदरावांच्या मनात आहे.

लहानपणी एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात चित्रकथा भाड्यानं मिळायच्या. त्यातला पोलादवीर हा आनंदरावांचा देव. काय तो माणूस! छाती दोन पराती उपड्या घातल्यासारखी. पोटावर लादीपावाची अख्खी लादी. जबडा असा की त्यावर नारळ फोडावा. डोक्यावर मानेपर्यंत येणारं पोलादी शिरस्त्राण, मुठी कायम वळलेल्या आणि पाय कायम ढगात. आनंदरावांनी हा पोलादवीर चौथीत असताना पहिल्यांदा गिरवला आणि पन्नाशी उलटली तरी गिरवत आहेत. आज ते तो डोळे मिटून काढतात. अडचण एवढीच, की डोळे उघडे ठेवूनही ते तोच काढतात.

शाळेच्या फळ्यावर एकदा त्यांनी सरस्वती काढली. जबडा बघून पहिलीची पोरं रडायला लागली. वीणा तर अशी धरली होती की आता कुणाच्या तरी टाळक्यात बसणार. लग्नानंतर हौसेनं बायकोचं, शुभाताईंचं चित्र काढलं. शुभाताईंनी ते बराच वेळ बघितलं, "दंड छान आलेत," एवढंच म्हणाल्या आणि माळ्यावर ठेवून दिलं.

शाळेत चित्रकलेला नूतन मॅडम आहेत. मॅडमचा वर्ग म्हणजे मडकं, लोटा, कांदा, वांगं, घडी घातलेला रुमाल. आनंदरावांना या सगळ्याचा मनस्वी तिटकारा. मडकं हे पाणी भरायला असतं, काढायला नसतं, असं त्यांचं तत्त्वज्ञान. मॅडम एकदा ऑफिसात रजेचा अर्ज द्यायला आल्या, त्यांनी टेबलाच्या काचेखाली ओळीनं लावलेले पोलादवीर बघितले आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही चित्रं काढत नाही. तुम्ही एक चित्र काढता."

आनंदरावांनी त्यांचा रजेचा अर्ज दोन वेळा परत पाठवला. माणूस आहे, दुखावतो.

पण गुणाची पारख करणारा कुणीतरी भेटतोच. शाळेतले पीटीचे सोमनाथ सर वेल्ह्याच्या पुढे, पासलीच्या अलीकडे असलेल्या एका वाडीचे. वाडीत भाताची खाचरं, करवंदीची रानं आणि तीन पिढ्यांचा कुस्तीचा नाद. तिथं नवी तालीम बांधून झाली होती आणि दर्शनी भिंत कोरी होती. सोमनाथ सर ऑफिसात येऊन खुर्चीच्या हातावर टेकले.

"भाऊसाहेब, आमचे चुलते चिमाजी वस्ताद. तरुणपणी पंचक्रोशीत त्यांची पाठ कुणी मातीला लावली नाही. भिंतीवर त्यांचं जवानीतलं चित्र पाहिजे. यात्रेच्या आत."

"फोटो आहे का जवानीतला?"

"एकही नाही. त्या काळात वाडीत आरसासुद्धा एकच होता."

दुसरा कुणी असता तर इथंच थांबला असता. आनंदरावांना उलट हुरूप आला. फोटो नाही म्हणजे तक्रारीला जागा नाही. जवान, बलदंड, पीळदार पुरुष काढायचा, आणि तो तर त्यांच्या बोटांत चाळीस वर्षं तयारच होता.

भोरहून नसरापूर, नसरापूरहून वेल्हे, तिथून मिळेल त्या जीपने वाडी, असे रविवारचे फेरे सुरू झाले. आनंदरावांनी पोलादवीराच्या आवडत्या पानावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या, भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखल्या, आणि एकेक चौकट उतरवायला घेतली. टेम्पो भिंतीला लावून त्याच्या हौद्यात उभे राहायचे. समोरच्या पारावर सोनबा नावाचे एक रिकामे आजोबा कायम बसलेले. त्यांना वाडीतल्या प्रत्येक कामाची देखरेख करायची सवय.

"फरशी बसवताय व्हय, भाऊसाहेब?"

"चित्र काढतोय आजोबा."

"मंग फरशीवर काडनार म्हना की."

चित्र खालून वर चाललं होतं. ढग वाडीत शोभले नसते, म्हणून पायांभोवती आखाड्याची लाल धूळ उडवली. तळपाय दिसायची भानगडच मिटली. पोट आलं, छाती आली, वळलेली मूठ आली. मग शिरस्त्राण आलं आणि आनंदराव टेम्पोत खाली बसले. पैलवानाच्या डोक्यावर शिरस्त्राण कसं दाखवणार? ते काढावं तर खाली काय आहे हे मूळ चित्रकारानंच सांगितलेलं नव्हतं. चाळीस वर्षांत आनंदरावांनी एकही कान काढला नव्हता, कारण पोलादवीराला कान नव्हते.

त्यांनी तोडगा काढला. शिरस्त्राणाला भगवा रंग दिला, चार घड्या दाखवल्या, वर तुरा लावला. झाला फेटा. मानेपर्यंत आलेला, दोन्ही बाजूंनी गच्च ओढलेला फेटा.

काम पुरं झालं त्या रविवारी वाडी जमली. पोरं खूश होती. तरणी मंडळी पोट बघून आपापली पोटं आत ओढून उभी होती. सोनबा पारावरून उठून आले, हे स्वतःच एक मोठं प्रमाणपत्र.

"लंगोट लावलाय आन् डोक्याला कानटोपी," सोनबा म्हणाले. "हिवताप आलाय का ह्येला?"

"फेटा आहे तो."

"आन् मूठ कशापायी वळलीया? कुस्तीत मूठ न्हाई चालत. ह्यो भांडनातनं आलेला दिसतोय."

तेवढ्यात चिमाजी वस्तादांची मंडळी, साळूबाई, सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आल्या. त्यांनी किटली खाली ठेवली, पदर सावरला आणि चित्राकडे बघितलं. "बेस हाय की," म्हणाल्या. "कोन म्हनायचं ह्ये?"

सोमनाथ सरांचा चेहरा पडला. "काकू, तात्या हायत."

"कुठं?" असं म्हणून साळूबाई तालमीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन पलीकडे बघून आल्या. "हितं तर कोन न्हाई."

मग खुद्द चिमाजी वस्ताद पुढं झाले. सत्तरी कधीच ओलांडलेली, पाठ ताठ, धोतर स्वच्छ. आखाड्यात समोरच्याकडे बघत असतील तसं त्यांनी भिंतीकडे बघितलं.

"कान कुठं हायत, भाऊसाहेब?"

"फेट्याखाली आहेत, वस्ताद."

"माजं कान फेट्याखाली मावत न्हाईत."

साहेब, इथं जरा थांबा, कारण तुम्हाला समजावून सांगण्याची ही जागा आहे. पैलवानाची मान समोरच्याच्या बगलेत अडकते, कान घासतो, चेंगरतो, सुजतो, आणि बरा होताना सरळ होत नाही. त्याची गोळाबेरीज होऊन बसते. बायका नाक मुरडतात, पण तालमीत तोच दाखला. चिमाजी वस्तादांनी जिंकलेले मानाचे फेटे साळूबाईंनी केव्हाच गोधडीत शिवले. जिंकलेल्या घागरी पोचे पडून मोडीत गेल्या. ज्यांना चितपट केलं ते एकेक करून वारले. वस्ताद लढले होते याचा जगात पुरावा उरला होता तो डोक्याच्या दोन बाजूंना. आणि तो आनंदरावांनी भगव्या रंगानं झाकून टाकला होता.

वस्ताद रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "यात्रेला आखाड्याचा नारळ त्यो जो कोन भिंतीवर हुबा केलाय त्यानंच फोडावा," एवढं बोलून ते घरी गेले.

परतीच्या जीपमध्ये सोमनाथ सरांनी रंगाचे डबे पायांत नीट बसवले. मग म्हणाले, "भाऊसाहेब, तात्यांनी नारळ फोडल्याशिवाय आमच्याकडे कुस्ती लागत नाही. यंदा ते आले नाहीत तर वाडी नावं मलाच ठेवणार. तुम्हाला नावं ठेवायला त्यांना भोरला यावं लागेल, मी वाडीतच सापडतो."

आनंदरावांनी त्या दिवशी घरी जेवताना भात दोनदा घेतला नाही, यावरून शुभाताईंना काय ते कळलं.

आता भोर हे असं गाव आहे की तुमचा पाय मुरगळला तर संध्याकाळपर्यंत बारा लेप सुचवले जातात. कानाचंही तसंच झालं. शेजारी म्हणाले, केस वाढवून दाखवा, कान आपोआप झाकतील. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, पाठमोरा काढा, पाठ लावलीच नाही कुणी, म्हणजे पाठच दाखवायची. समोरच्या बंगल्यातले निवृत्त इंजिनिअर म्हणाले, मोबाईलवर ॲप आहे, आजचा फोटो टाका, ते जवानीतला करून देतं. आनंदरावांनी सोमनाथ सरांकडून वस्तादांचा फोटो मागवून टाकला. ॲपनं वस्तादांना तरुण केलं, गोरं केलं, आणि दोन्ही कान बरे करून दिले. वर विचारलं, गॉगल घालू का.

"अहो, नूतनला विचारा," शुभाताई म्हणाल्या. "आणि तिचा रजेचा अर्ज आधी मंजूर करा."

नूतन मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि सहावीच्या वर्गातला शेवटचा बाक दाखवला. पुढं स्टुलावर मडकं होतं.

"मॅडम, मला कान पाहिजे. यात्रा तोंडावर आली आहे."

"आधी मडकं."

"मडक्याचा आणि कानाचा काय संबंध?"

"उजेड कुठं पडतो, सावली कुठं बसते, गोल वस्तू वळते कशी, हे दिसायला लागलं की कानही दिसेल. तुम्हाला वस्तू दिसत नाही भाऊसाहेब, तुम्हाला पोलादवीर दिसतो."

आनंदरावांचा संताप झाला. "पोलादवीर काढणाऱ्यानं कुठं कान काढले होते? तो काय चित्रकार नव्हता?"

"त्याला कान येत होते, म्हणून त्यानं झाकले," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला येत नाहीत म्हणून तुम्ही झाकता. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. वस्तादांनी जवळून बघितलं."

हेडक्लार्क सहावीच्या बाकावर बसला. गुडघे बाकाच्या कडेला टेकले, चष्मा घसरला, आणि त्यांनी काढलेल्या मडक्याला नकळत खांदे फुटले. मागून बघणाऱ्या पोरांनी ते मडकं व्यायाम करतंय असं जाहीर केलं. ज्यांच्या दाखल्यांवर आनंदराव सही करणार, ती ही पोरं. दुसरा एखादा असता तर स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळा झाला असता. पण डोळ्यांपुढं साळूबाई कोपऱ्यापलीकडे जाऊन नवऱ्याला शोधत होत्या, त्यामुळे ते मुकाट्यानं पुन्हा मडक्याला भिडले. हळूहळू खांदे गेले. एक दिवस मडकं नुसतं मडकं राहिलं. मॅडमनी स्टुलावर दुसरं मडकं ठेवलं.

मडक्यासोबत कानांचा नाद लागला. माणूस भेटला की आनंदराव नमस्कार त्याच्या कानाला करायचे. कुणाची पाळी चिकटलेली, कुणाची सुटी, कुणाचा कान वडाच्या पानासारखा, कुणाचा जर्दाळूसारखा. नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या एसटीत ते पुढच्या सीटवरच्या बाईंच्या कानाकडे एकटक बघत कागदावर रेघा मारत होते. बाई वळल्या.

"ओ भाऊ, बगून घ्या नीट. खोटं हाय कानातलं. बेंटेक्स."

"छे छे बाई, मी कानातलं नाही, कान बघतोय."

यानं परिस्थिती सुधारायला हवी होती. तसं झालं नाही. कंडक्टर आला. आनंदरावांनी छाती काढून सांगितलं, "मी शाळेचा हेडक्लार्क आहे."

"मंग तर ध्यान ठिवाया पायजे," बाई म्हणाल्या, आणि वेल्हे येईपर्यंत पदर कानावरून घट्ट ओढून बसल्या. जगातली सगळी माणसं आपल्यापासून कान लपवतात, असं आनंदरावांना त्या प्रवासात वाटून गेलं.

आणि मग सरकार आडवं आलं. आनंदराव ग्रामपंचायतीत गेले आणि भिंत पुसून नवं चित्र काढतो म्हणाले. ग्रामसेवकांनी चहा मागवला, म्हणजे काम होणार नव्हतं.

"पुसता येणार नाही. काम पूर्ण झाल्याचा फोटो वर चढवलाय. पूर्ण झालेलं काम पुसलं तर ते नुकसान होतं."

"पण चित्र चुकलंय."

"चुकलेलं असलं तरी पूर्ण आहे. दुरुस्ती दाखवता येईल."

"किती दुरुस्ती?"

ग्रामसेवकांनी मोबाईलवरचा फोटो लांब धरला, डोळे बारीक केले. "एवढ्या अंतरावरून फरक कळणार नाही, एवढी."

म्हणजे पोट हलवायचं नाही, छाती हलवायची नाही. मूठ तशीच ठेवायची. फार तर फेटा जाईल आणि त्या जागी कान येईल. आनंदराव स्वतः आयुष्यभर नियमांवर बोट ठेवत आले होते. नियम दुसऱ्या बाजूनं कसा दिसतो हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. मुठीचं काय करायचं हे मात्र पारावरून सुटलं. "मूठ ऱ्हाऊ द्या की," सोनबा म्हणाले, "तिच्यात गदा द्या. जितलेला दिसंल." इतक्या सल्ल्यांमध्ये एक सल्ला उपयोगाचा निघाला, आणि तोही फुकट.

राहिला कान. तो बघायचा तर वस्तादांनी समोर बसायला हवं.

"बसून ऱ्हायाला म्या काय द्येव हाय?" वस्ताद म्हणाले.

साळूबाईंनी मध्यस्थी केली. "बसा की वाईच. मानूस भोरवरनं आलाय, उनातानाचा."

"येऊ दे. लांबनं कान बगून त्येला काय कळनार हाय? कान कसा झाला त्ये बगायचं आसंल तर तालमीत उतर म्हनावं."

आनंदराव भोरचे, हेडक्लार्क, मणक्याचा पट्टा लावणारे. समजूतदार माणूस इथून घरी जातो. पण मडक्यांनी त्यांच्यात काहीतरी बिघाड केला होता. ते सोमनाथ सरांची ट्रॅक पँट घालून संध्याकाळी आखाड्याच्या लाल मातीत उतरले. वाडी दाराशी, खिडकीशी, आणि काही जण छपरावर जमा झाले. वस्तादांनी माती कपाळाला लावली, आनंदरावांच्याही लावली. "डोसकं हितं ठिवा," असं म्हणून त्यांनी आनंदरावांची मान अशी काही बगलेत घेतली की हेडक्लार्कचा डोळा थेट वस्तादांच्या उजव्या कानाला जाऊन टेकला.

आणि आनंदरावांना कान दिसला.

वरच्या कडेला खिडकीतला उजेड तुपासारखा थांबला होता. तिथून गोलाई वळत होती, अगदी मडक्याच्या पोटासारखी, आणि खाली जिथं खळगा असायला हवा तिथं तो बुजून टणक गाठ झाली होती. गाठीच्या पायथ्याशी बारीक सावली. पाळी तेवढी साळसूद, जणू तिचा या सगळ्याशी संबंध नाही. स्टुलावरची सगळी मडकी आनंदरावांच्या डोळ्यांपुढून फिरून गेली आणि त्या कानात येऊन बसली. मॅडमचं खरं होतं. बाईमाणसाचं म्हणणं पटायला माणसाची मान कुठंतरी अडकावी लागते.

इकडे त्यांचा स्वतःचा उजवा कान वस्तादांच्या कोपराखाली भरडला जात होता.

"भाऊसाहेब, हात आपटा, सोडतील," सोमनाथ सर ओरडले.

आनंदरावांनी हात आपटला नाही. बगलेतून दबलेला आवाज आला, "अजून थोडं."

वाडी दारातून आणखी आत सरकली. वस्तादांनी आयुष्यात शेकड्यांनी माना धरल्या होत्या. कुणी दया मागितली, कुणी देव आठवला, कुणी रडलं. अजून थोडं कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी पकड सोडली आणि आनंदरावांच्या अंगावरची माती स्वतःच्या हातानं झाडली.

"हाय," वस्ताद सोनबांना म्हणाले. "ह्यो मानूस हाय."

दुसऱ्या दिवशी भोरात आनंदरावांचा उजवा कान टम्म फुगलेल्या बटाटेवड्यासारखा झाला होता. डॉक्टरांनी बघितलं, आत रक्त साकळलंय म्हणाले, आत्ताच सुईनं काढू, नाहीतर कायमचा वाकडा होईल.

"डॉक्टर, तासभर थांबता येईल?"

"कशाला?"

"चित्र काढून घेतो."

डॉक्टरांनी शुभाताईंकडे बघितलं. "काढून टाका हो," शुभाताई म्हणाल्या, "आणि जमलं तर त्यांची चित्रकलाही काढा." पण बोलता बोलता त्यांनी पर्समधून आरसा काढून नवऱ्याच्या कानामागे धरला आणि दवाखान्यातला दुसरा आरसा त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर, खोकणाऱ्या आणि कण्हणाऱ्या मंडळींच्या मधोमध, दोन आरशांत बघत आनंदरावांनी स्वतःचा कान काढला. मोडलेला कान कसा होत जातो हे त्यांना आतून बाहेरून समजत होतं, बाहेरून जरा जास्त. नूतन मॅडम बातमी ऐकून शाळेतून तशाच आल्या. रुग्णाला फळं नेतात. मॅडमनी मऊ पेन्सिल आणली होती. त्यांनी कागद बघितला, गाठीखालची सावली बोटानं किंचित दाट केली आणि म्हणाल्या, "उद्यापासून वर्गात पुढच्या बाकावर बसा."

शाळेत इतक्या वर्षांत कुणी आनंदरावांना पुढं बसवलं नव्हतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी ते वाडीत पोचले तेव्हा डोक्याला पांढरंशुभ्र बँडेज होतं, कपाळावरून, दोन्ही कानांवरून, मानेपर्यंत. म्हणजे चाळीस वर्षं गिरवून जे जमलं नव्हतं ते डॉक्टरांनी करून दिलं. आनंदराव हुबेहूब पोलादवीर दिसत होते. टेम्पोच्या हौद्यात उभं राहून त्यांनी फेटा उतरवून बारीक केस दिले, मुठीत गदा दिली आणि तिरक्या चेहऱ्याला दिसेल असा फक्त उजवा कान दिवसभर काढला. सोनबांनी दिवसभर पारावरून देखरेख केली. जाताना तेवढं म्हणाले, "फरशी बरी बसली."

यात्रेचा दिवस. हलग्या वाजत होत्या, गुलाल होता, जिलबीचा वास खाचरांपर्यंत गेला होता. आखाड्याभोवती माणूस मावत नव्हता, आणि नारळ ताम्हनात तसाच पडून होता. चिमाजी वस्ताद गर्दीच्या मागं, पायरीवर बसलेले. सोमनाथ सरांच्या कपाळाला घाम. पुढं गेल्या त्या साळूबाई. गर्दी बाजूला झाली. त्या भिंतीशी उभ्या असलेल्या टेम्पोच्या हौद्यात चढल्या आणि त्यांनी हात वर करून त्या कानाला बोट लावलं. तेलरंग अजून ओला होता. पाळीच्या वर बोटाचा ठसा उमटला.

"ह्ये आमचंच," साळूबाई म्हणाल्या. मग नजर खाली गेली. "आन् पोट कुनाचं हाय?"

हशा झाला. आनंदराव बँडेजसकट लाल झाले आणि पोटाचं सरकारी कारण सांगायला लागले. वस्ताद उठून आले. त्यांनी आधी कान बघितला. बराच वेळ बघितला. स्वतःच्या कानावरून हात फिरवला. मग पोट बघितलं, सहाच्या सहा पाव.

"पोट ऱ्हाऊ द्या," वस्ताद म्हणाले. "पोट बेस हाय."

"आवं, तुमचं कवा हुतं असलं?" साळूबाई म्हणाल्या.

"कान खरा हाय न्हवं? मंग पोटाला कोन इचारतंय."

नारळ एका फटक्यात फुटला. पाणी उडालं ते आनंदरावांच्या चष्म्यावर, आणि त्यामुळे त्यांचे डोळे का ओले झाले हे कुणाला सांगावं लागलं नाही. पहिली कुस्ती लागली. आनंदरावांनी हौद्यात चढून ओल्या ठशावर ब्रश फिरवायला घेतला, तेव्हा मागोमाग चढलेल्या वस्तादांनी मनगट धरलं. "त्ये ऱ्हाऊ द्या. तिचं बोट हाय."

हल्ली आनंदराव सहावीच्या पुढच्या बाकावर मडकी काढतात आणि मधल्या सुट्टीत पोलादवीर. सोडलेला नाही, चाळीस वर्षांची संगत कोण सोडतं? पण त्याचं शिरस्त्राण उतरलंय. परवा त्यांनी तो लाकडी बाकावर बसून वांगी चिरताना काढला, तळपाय जमिनीवर, मुठी सोडलेल्या, आणि उजवा कान मोडलेला. नूतन मॅडमनी तो चित्रकलेच्या वर्गात, मडक्याच्या शेजारी लावलाय. शुभाताईंनी स्वतःचं जुनं चित्र माळ्यावरून काढून आणलं आणि दंड कमी करून मागितले.

आणि अशा वेळी, साहेब, तुमची गाडी आली. कान सदोष. आता तुमची दुसरी ओळ सांगतो, सगळ्यांनी ऐकावी : 'पैलवानाचे पोट मात्र आदर्श व शास्त्रशुद्ध असून इतर ठिकाणीही त्याप्रमाणेच काढावे.' भिंतीवर एक गोष्ट खरी होती, ती तुम्ही पुसायला सांगितलीत. एक गोष्ट भाड्याच्या चित्रकथेतून आली होती, ती तुम्ही तालुकाभर छापायला सांगितलीत.

तर आम्हाला उत्तर पाहिजे. तो कान दुरुस्त करायचा म्हणजे काय करायचं? गाठ बुजवायची? साळूबाईंचं बोट पुसायचं? कसं ते लिहून द्या, आनंदराव ब्रश धुऊन बसलेत. आणि लिहिता येत नसेल तर प्रत्यक्ष या. चिमाजी वस्ताद रोज संध्याकाळी तालमीत असतात, माती मऊ केलेली आहे, सोमनाथ सरांची ट्रॅक पँट धुऊन ठेवली आहे. वस्ताद म्हणतात, साहेबांना कान जवळनं दाखवतो. या खेपेला गाडीतून उतरणार आहात की नाही, तेवढं सांगा.